आई-वडिलांचा स्वतःचा व्यवसाय असला की मुलांना त्याची ओढ कशातून लागते?

वाटाड्या (धागाकर्ता)

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या पालकांच्या एका गटासाठी सत्र आखतोय. गटात दुकानदार आहेत, दुरुस्तीची कामं घेणारे आहेत, घरी बसून डिझाइनची आणि भाषांतराची कामं करणारेही आहेत. मुलं ८ ते १७ या वयातली. आपलाच व्यवसाय मुलांनी पुढे चालवावा असा कुणाचा हट्ट नाही. उद्या स्वतःचं काही सुरू करावंसं वाटलं तर ते त्यांना परकं वाटू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा आहे.

पालकांचा व्यवसाय असला की मुलांचा कल तिकडे वळतो असं सर्रास म्हटलं जातं. ते कितपत खरं आहे आणि कशामुळे होतं? पैसा, ओळखी, रक्त की घरातलं वातावरण? मुलांना कामात किती आणि कसं घ्यायचं? सुट्टीत नुसतं येऊन बसण्याला काही अर्थ आहे का? आणि उलटा परिणाम कधी होतो? घरचा धंदा बघूनच ‘मी नोकरीच करणार’ असं ठरवणारी मुलंही पुष्कळ असतात.

‘प्रोत्साहन द्या’ एवढ्यावर थांबणारी उत्तरं नकोत. येत्या आठवड्यापासून पालकांना करता येईल असं सांगा.

आकडेमोड

कितपत खरं, याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

या प्रश्नावरचा सगळ्यात नेटका पुरावा स्वीडनमधला आहे. लिंडक्विस्ट, सोल आणि व्हान प्राग यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दत्तक मुलांची माहिती वापरली. जन्म देणारे आणि वाढवणारे पालक वेगळे असल्यामुळे रक्ताचा वाटा किती आणि संगोपनाचा किती, हे तिथे वेगळं काढता येतं. पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते असं त्यांना दिसलं. दत्तक मुलांमध्ये जन्म देणाऱ्या आणि वाढवणाऱ्या अशा दोन्ही पालकांचा परिणाम होता, पण जन्मानंतरच्या गोष्टींचा वाटा जन्माआधीच्या गोष्टींच्या दुप्पट निघाला.

हा ६० टक्क्यांचा आकडा सत्रात जपून सांगा. व्यावसायिकांची ६० टक्के मुलं उद्योजक होतात, असा त्याचा अर्थ नाही. समजा, इतर घरांतल्या १०० मुलांपैकी १० जण पुढे स्वतःचा व्यवसाय करतात. मग व्यावसायिक घरांतल्या १०० पैकी १६ जण करतील. उरलेले ८४ दुसरंच काही करतील, आणि त्यात कुणाचं काही चुकलेलं नसेल.

आता पैसा. डन आणि होल्ट्झ-ईकिन यांनी २००० साली अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहणीची आकडेवारी तपासली. पालकांचा सगळ्यात मोठा परिणाम त्यांच्या पैशातून होत नाही, त्यांच्या स्वयंरोजगाराच्या अनुभवातून होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा दुवा वडील ते मुलगा आणि आई ते मुलगी असा आणखी घट्ट होता. मुलीच्या बाबतीत आईचा व्यवसाय तिला किती दिसतो, हा प्रश्न म्हणूनच गटात मुद्दाम विचारा. आई निम्मा धंदा सांभाळते आणि घरात बोलताना मात्र तो ‘बाबांचा धंदा’ होतो, हे फार घरांत घडतं.

तुमच्या ‘कामात घ्यावं का’ या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यास फेअरली आणि रॉब यांचा, २००७ चा. अमेरिकेतल्या छोट्या व्यवसायांच्या मालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या कुटुंबात आधीपासून कुणीतरी स्वयंरोजगारात होतं. पण अशा मालकांपैकी त्या नातेवाइकाच्या व्यवसायात प्रत्यक्ष काम केलेले निम्म्याहूनही कमी होते. पुढे व्यवसाय कसा चालला हे पाहिलं, तर घरात कुणी व्यावसायिक असणं एवढ्यानं फारसा फरक पडला नव्हता. तिथे आधी काम केलेलं असणं मात्र खूप महत्त्वाचं ठरलं होतं.

म्हणून सत्रात या दोन गोष्टी वेगळ्या मांडा. ओढ लागायला काम करायलाच हवं असं नाही. पण धंदा टिकवण्याची अक्कल कामातूनच येते. पालक बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवर बोलत राहतात आणि दुसरी राहून जाते.

मानसशास्त्राच्या बाजूने बांडुरा यांची मांडणी उपयोगी पडेल. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशातून येतो याचे चार स्रोत त्यांनी १९७७ मध्ये सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द, आणि त्या कामाच्या वेळी अंगात जाणवणारा ताण किंवा शांतपणा. यात पहिला सगळ्यात बळकट. शेवटच्याकडे दुर्लक्ष होतं. घरात फोन वाजला की सगळ्यांचे चेहरे उतरत असतील, तर मूल धंद्याबद्दल तेच शिकतं.

रोजमेळ

वरच्या प्रतिसादाला हिशेबाची जोड देते. मुलांना घरच्या धंद्यातल्या दोनच गोष्टी सहज दिसतात: गल्ल्यातली रोकड आणि संध्याकाळचा थकवा. मधला भाग, म्हणजे निर्णय, डोक्यात होतो आणि डोक्यातच राहतो. खरी गंमत तर तिथेच असते. तो भाग बाहेर काढायचा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, २० मिनिटं. त्यात एकच चालू निर्णय घ्या. नवा माल घ्यायचा का, एका गिऱ्हाइकाला उधारी वाढवून द्यायची का, एखादं काम नाकारायचं का. वहीत चार रकाने आखा: तारीख, निर्णय, काय होईल असं वाटतं, महिन्याने प्रत्यक्षात काय झालं. तिसरा रकाना निर्णय घेण्याआधी भरायचा आणि त्यात मुलाचा अंदाजही लिहायचा. महिन्याने चौथा रकाना भरताना खरं शिक्षण होतं. पालकांचा अंदाज चुकलेला असला तरी तो तसाच लिहा. मोठ्यांचे अंदाजही चुकतात आणि तरी धंदा चालतो, हे मुलांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

११-१२ वर्षांच्या पुढे एका वस्तूचा पूर्ण हिशेब मांडून दाखवा. समजा, विक्री १००. त्यात मालाची खरेदी ६२, जागा आणि वीज १४, मजुरी १२, कर्जाचं व्याज ४. उरले ८. आता विचारा, गिऱ्हाईक १० टक्के सूट मागतंय, देऊया का? बहुतेक मुलं पटकन हो म्हणतात, १० म्हणजे किती थोडे! सूट दिली की हातात ९० येतात आणि खर्च ९२ आहे, म्हणजे २ चा तोटा. इथे लगेच धडा संपवू नका. थोडं मोठं मूल विचारेल की जागाभाडं तर विक्री झाली नाही तरी द्यायचंच आहे, मग पडून राहिलेली वस्तू ९० ला का विकू नये? हा प्रश्न बरोबर आहे. जागा, मजुरी आणि व्याज हे खर्च एक वस्तू न विकल्याने वाचत नाहीत. त्यामुळे एखादी अडकलेली वस्तू सूट देऊन काढणं शहाणपणाचं असू शकतं आणि रोज सगळ्यांना सूट देणं धंदा बुडवू शकतं. या दोन्ही वाक्यांतला फरक ज्या मुलाला कळला, त्याला स्थिर आणि बदलता खर्च वेगळा शिकवावा लागत नाही.

१४ च्या पुढे नफा आणि रोकड यांतला फरक. माल २० दिवस फडताळावर राहतो, विकल्यावर पैसे यायला ४५ दिवस लागतात, आणि पुरवठादार आपल्याला १५ दिवसांची मुदत देतो. २० अधिक ४५ वजा १५, म्हणजे ५० दिवस आपला पैसा अडकलेला. रोजची खरेदी ६२ असेल तर ३,१०० कायम बाहेर. कागदावर नफा असूनही महिन्याच्या शेवटी तारांबळ का उडते, याचं हे उत्तर. धंदा वाढला की अडकलेला पैसाही वाढतो, हेही इथेच दाखवता येतं.

एक गोष्ट आधी करावी लागेल. मालकाने स्वतःचा महिन्याचा ठरलेला पगार धंद्यातून वेगळा काढायला हवा. घरखर्च थेट गल्ल्यातून होत असेल तर गल्ला म्हणजे आपले पैसे अशी समजूत मुलाच्या मनात पक्की बसते आणि वरचे सगळे हिशेब वाया जातात.

आणि ८-९ वर्षांच्या मुलापुढे कर्जाचा पूर्ण डोंगर मांडू नका. त्याच्या हातात काहीच नसतं, त्यामुळे माहितीची फक्त धास्ती होते. त्या वयात माल मोजणं, दोन वस्तूंतली कुठली जास्त खपते याची आठवडाभर नोंद ठेवणं, सुटे पैसे परत देणं एवढं पुरे.

काठावरून

‘सुट्टीत येऊन बसणं’ याबद्दल. नुसतं बसण्याचा उपयोग कमी. झाडलोट, सामान इकडून तिकडे नेणं, निरोप पोचवणं यांतून शिस्त लागते, पण धंदा कळत नाही. फरक पडतो तो निर्णयाची छोटी जागा स्वतःकडे आली की.

दुकान असेल तर एक फडताळ द्या. त्यात काय ठेवायचं, किती मागवायचं, दर किती, हे मुलाने ठरवायचं. दुरुस्तीचं काम असेल तर सुट्या भागांचा साठा सांभाळायला द्या: कुठला भाग किती उरला की पुन्हा मागवायचा. रोज ३ भाग लागतात आणि माल यायला ६ दिवस लागतात, तर १८ उरले की मागणी जायला हवी, शिवाय अडीअडचणीला ६ जास्त, म्हणजे २४ वर. हा आकडा त्यानेच काढावा. मर्यादा पालकांनी घालायची आणि ती आधी सांगायची: इतक्यापर्यंतचा तोटा तुझ्या निर्णयाचा, त्यापुढे मला विचार.

१३-१४ नंतर मुलाला स्वतःचं काही करून बघायचं असेल तर एवढं पाळा.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नका. रक्कम अशी की बुडाली तर घरात कुणाला चणचण भासणार नाही. ती उसनी द्या, परतीची तारीख दोघांनी लिहून ठेवा. माल घेण्याआधी तीन ठिकाणचे दर काढायला लावा. पहिले १० गिऱ्हाईक मोजताना नातेवाईक आणि पालकांचे मित्र धरायचे नाहीत. ते मायेने घेतात, आणि त्यामुळे वस्तूला मागणी आहे असा खोटा निरोप मिळतो. स्वतःचे तास लिहायचे. ४० वस्तू विकून ६०० उरले आणि ३० तास लागले, तर तासाला २० पडले. हा आकडा बघून मूल नाराज होईल; होऊ द्या. मग पुढचा प्रश्न तेच विचारतं: कमी वेळात कसं करता येईल, की दर वाढवावा? आणि बंद करण्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरवा, साधारण ८ आठवड्यांनी. त्या दिवशी आकडे बघून चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवायचं. तारीख नसेल तर उपक्रम हळूहळू विसरला जातो. काही शिकायला मिळत नाही आणि अर्धवट सोडल्याची बोच तेवढी राहते.

इथे बिघडतं ते बहुधा पालकांमुळेच. न खपलेला माल गुपचूप स्वतः विकत घेणं, रात्री बसून राहिलेलं काम पूर्ण करून ठेवणं, ओळखीच्या पुरवठादाराकडून मुलाच्या नकळत सवलत मिळवणं. हेतू चांगला असतो, पण मुलाला खरा आकडा कधी दिसतच नाही.

वाटाड्या

फार उपयोगी. चार रकान्यांची वही आणि फडताळ सत्रात नक्की घेतो. दोन गोष्टी राहिल्या. घरून संगणकावर काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्या मुलांना फक्त पडद्याकडे बघणारे आई-बाबा दिसतात. आणि गटातल्या दोन कुटुंबांचा व्यवसाय सध्या खरोखर अडचणीत आहे. त्यांनी मुलांशी काय बोलावं?

आकडेमोड

पहिल्याबद्दल थोडक्यात. एक काम निवडा आणि त्याचा सगळा प्रवास मुलाला दाखवा: विचारणा आली तो ईमेल, दरपत्रक, आगाऊ रक्कम, काम, मध्येच ‘हेही करून द्या ना’ म्हणून वाढलेली मागणी, बिल, पैसे जमा होण्याची तारीख. प्रत्येक टप्प्याचा कागद छापून भिंतीवर ओळीने लावला तर १० वर्षांच्या मुलालाही कळतं. सगळ्यात जास्त चर्चा वाढलेल्या मागणीवर करा. कुठे हो म्हणायचं, कुठे वेगळे पैसे सांगायचे आणि ते कुठल्या शब्दांत, हा या व्यवसायांचा गाभा आहे.

मोठ्या मुलांबरोबर तासाचा दर काढा. आठवड्याला ४० तास काम, पण दरपत्रकं, हिशेब, नवी कामं शोधणं वजा जाता बिलाचे तास २४. वर्षातले ४६ आठवडे कामाचे धरले तर १,१०४ तास. वर्षाला घराला लागणारी रक्कम, धंद्याचा खर्च आणि कर यांची बेरीज या १,१०४ ने भागायची. नोकरीतला पगार २,०८० तासांवर, म्हणजे ४० गुणिले ५२ वर, मोजायची सवय असलेल्यांना हा दर फार वाटतो. तो फार का नाही, हे मुलाला समजावता आलं पाहिजे.

उंबरठा

अडचणीतल्या कुटुंबांबद्दल लिहिते. शाळेतल्या मुलांबरोबर काम करताना हा प्रश्न सतत येतो.

लपवणं जमत नाही. मुलांना आवाजातून, बंद दारामागच्या बोलण्यातून कळतंच. फक्त अर्धवट कळतं, आणि उरलेलं ती स्वतःच्या मनाने भरतात. लहान मुलं बऱ्याचदा दोष स्वतःकडे घेतात: माझ्या शाळेच्या खर्चामुळे झालं. म्हणून तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात. काय झालं आहे, घरात काय बदलेल आणि काय बदलणार नाही, आणि हे तुझ्यामुळे नाही. राहतं घर, शाळा, जेवण यांबद्दल खात्री असेल तेवढंच सांगा. खोटी हमी दिली आणि ती मोडली, तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

मोठ्या मुलांना कारणही सांगा, पण नशीब किंवा लोक एवढ्यावर थांबू नका. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त विक्री अवलंबून होती, उधारी वसूल झाली नाही, साठा जास्त घेतला, जे असेल ते. ‘धंदा वाईट’ असं ऐकलेलं मूल सगळ्या धंद्यांपासून दूर जातं. ‘एका गिऱ्हाइकावर एवढा भार टाकायला नको होता’ हे ऐकलेल्या मुलाकडे पुढे वापरता येईल असं काहीतरी उरतं. व्यवसाय बंद करायची वेळ आली तर देणी कुठल्या क्रमाने चुकवतो आहोत, कामगारांचं काय करतो आहोत, हेही मुलांसमोर होऊ द्या. नीट बंद करणं हेही व्यवसायातलं कौशल्य आहे आणि ते पाहिलेलं मूल सुरुवात करायला कमी घाबरतं.

आता उलटा परिणाम. ‘नोकरीच करणार’ म्हणणाऱ्या मुलांचं नीट ऐकलं तर धंद्यातल्या जोखमीची तक्रार कमी असते आणि पालक घरात असूनही नसण्याची जास्त. म्हणून फोन न उचलण्याची रोज एक ठरलेली वेळ हवी. तासभर चालेल, पण ती मोडायची नाही. धंद्याबद्दल रोज जेवढ्या कटकटी सांगता, तेवढ्याच वेळा जमलेली गोष्टही सांगा. कटकटी आपोआप तोंडावर येतात. जमलेलं काम घरी पोचतच नाही.

मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर महिनाभर कामांची यादी ठेवून बघा. पुष्कळदा दर ठरवणं, पैसे घेणं, पुरवठादाराशी बोलणं मुलाकडे जातं, आणि मांडणी, बांधणी, स्वच्छता मुलीकडे. कुणी मुद्दाम करत नाही, पण निर्णयाचा सराव एकालाच मिळतो. दर महिन्याला कामांची अदलाबदल करा.

मोबदल्याचं आधीच ठरवा. घरातलं काम आणि धंद्यातलं काम वेगळं. ज्या कामासाठी बाहेरचा माणूस ठेवला असता, त्या कामाचे तास लिहून पैसे द्या. फुकट राबवलेल्या मुलाच्या मनात ओढ तयार होत नाही, कर्ज फेडल्याची भावना तयार होते. शाळा चालू असताना वय आणि तासांबाबतचे आपल्याकडचे कायदे तपासून घ्या, परीक्षेच्या काळात काम पूर्ण बंद ठेवा, आणि यंत्रं, रसायनं, जड ओझं यांच्याजवळ मुलांना आणूच नका, घरचा धंदा असला तरी.

रोजमेळ

उंबरठा यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड. मुलाला पैसे दिले की ते धंद्याच्या खर्चात मजुरी म्हणून नोंदवा आणि ती नोंद त्याला दाखवा. आपले तास मालकासाठी खर्च असतात हे त्याने त्या वहीत एकदा बघितलं की ‘मी आज काय केलं ज्यातून हे निघालं?’ हा प्रश्न बहुतेक मुलं स्वतःच विचारतात. मग त्याच दिवसाची विक्री आणि खरेदी त्याच्यासमोर मांडा.

वाटाड्या

सगळ्यांचे आभार. सत्रात पहिली ३० मिनिटं १०० आणि ९२ च्या हिशेबाला देतो, गटातल्या प्रत्येकाने तो स्वतःच्या एका वस्तूचा किंवा एका कामाचा करायचा. पालकांनाच आधी आपला आकडा माहीत हवा. अडचणीतल्या दोन कुटुंबांशी सत्राबाहेर, वेगळं बोलेन.